माइक घेण्याआधी खोली ऐका: घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करताना

घरी गाणं रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला माइक घेऊ?" तो पडायलाच हवा, पण जरा उशिरा. नवख्यांची रेकॉर्डिंग बिघडतात ती माइक साधा होता म्हणून फार क्वचित. खोली घुमत असते, गाणारा माइकपासून हातभर लांब उभा असतो, नाहीतर गेन, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, इतका चढवलेला असतो की वरच्या सुरांना आवाज फाटतो. यातलं काहीही महागड्या माइकने सुधारत नाही. उलट माइक जितका तिखट कानाचा, तितकी खोलीची उणीदुणी जास्त चव्हाट्यावर येतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी खोली, मग त्या खोलीला चालेल असा माइक, मग तो जोडायचं सामान आणि शेवटी प्रत्यक्ष गाताना काय करायचं ते.

पायरी पहिली: खोली तपासा, फोनवरच

याला काही विकत घ्यावं लागत नाही. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, खोलीत उभं राहून एक सणसणीत टाळी वाजवा आणि हलू नका. टाळी संपल्यावर मागे 'ट्रर्र' अशी थरथर राहिली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आहे असं समजा. आता जागा बदला. कपड्यांच्या कपाटाचं दार सताड उघडून त्याच्यासमोर टाळी वाजवा, पलंगाशेजारी वाजवा, पुस्तकांनी भरलेल्या फळ्यांजवळ वाजवा. प्रत्येक जागी गाण्याची तीच एक ओळही म्हणा. नंतर हेडफोन लावून सगळं सलग ऐका. एकाच खोलीत दोन-तीन पावलांवर केवढा फरक पडतो ते कळेल. टाळी जिथे कोरडी पडते आणि शब्द जिथे जवळून आल्यासारखे वाटतात, ती तुमची गाण्याची जागा.

त्याच जागी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एरवी कान ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतात ते आवाज आता ऐकू येतील: पंखा, फ्रीज, संगणकाच्या आतला छोटा पंखा, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, त्यामुळे या रेकॉर्डिंगवरून मोजमाप करता येत नाही. दोन जागांची तुलना करायला मात्र ते पुरेसं आहे. जे बंद करता येतं ते गाताना बंद करायचं. जे बंद होत नाही, उदाहरणार्थ रस्ता, त्याच्याकडे माइकची पाठ करायची. ती कशी, ते पुढे येईलच.

पायरी दुसरी: घुमणं कमी करा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आतला आवाज भिंतींवरून परत येऊ न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं: जाड भिंत, घट्ट बसणारं दार, फटी बुजवणं. दुसऱ्याला मऊ आणि जाड सामान लागतं. भिंतीवर चिकटवायचा स्पंज फक्त दुसरं काम करतो, तेही अर्धवट. तो लावला की शेजाऱ्यांना गाणं ऐकू जाणार नाही, या समजुतीत राहू नका.

अर्धवट म्हणायचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) सुराची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. भिंतीला चिकटलेला मऊ थर आपल्या जाडीच्या साधारण चौपट लांबीच्या लाटांपर्यंतच नीट काम करतो. पाच सेंटीमीटरचा स्पंज म्हणजे वीस सेंटीमीटरची लाट, म्हणजे १७०० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खालचा भाग, ज्यात माणसाच्या आवाजाचा सगळा भरदारपणा असतो, तो जवळपास तसाच परत येतो. परिणाम असा की आवाजातली चमक शोषली जाते आणि नुसता घुमा उरतो. पातळ स्पंजाने भरलेल्या खोलीतलं गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं ते यामुळे.

त्यापेक्षा घरातली जाड रजई, गादी, दुहेरी पडदा, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट या गोष्टी जास्त कामाला येतात. रजई भिंतीला चिकटवू नका. भिंत आणि रजई यांच्यात दहा-पंधरा सेंटीमीटर मोकळी जागा सोडून टांगा, म्हणजे जाडी न वाढवता ती आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते.

आणि टांगायची कुठे? बहुतेक लोक माइकच्या मागे टांगतात. गाणारा तिकडे तोंड करून गातो, म्हणून ते स्वाभाविक वाटतं. पण गाण्यासाठी वापरायचा माइक बहुतेक वेळा कार्डिऑइड असतो, म्हणजे तो समोरून सगळ्यात जास्त ऐकतो, बाजूने थोडं कमी आणि पाठीकडून फारच कमी. त्याच्या समोर कोण आहे? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. तुमचा आवाज खोलीभर फिरून त्या भिंतीवरून येतो तो थेट माइकच्या तोंडात. म्हणून एकच रजई असेल तर ती स्वतःच्या पाठीमागे टांगा. दुसरी मिळाली तर एका बाजूला. माइकमागे बसवायची अर्धगोल ढाल बाजारात मिळते, पण माझ्या मते ती यादीत सगळ्यात शेवटी यावी.

जागेबद्दल दोन पथ्यं. कोपऱ्यात उभं राहू नका, कारण खर्जाकडचे सूर कोपऱ्यात साचतात. आणि माइक उघड्या भिंतीच्या वीत-दीड वीत अंतरावर ठेवू नका. भिंत ३० सेंटीमीटरवर असेल तर परतणारा आवाज सुमारे ६० सेंटीमीटर जास्त चालून, पावणेदोन मिलिसेकंद उशिरा माइकमध्ये शिरतो. मूळ आवाजात मिसळला की तो काही ठरावीक सूर खाऊन टाकतो, पहिला खड्डा २८०-२९० हर्ट्झच्या आसपास पडतो. तिथेच तर आवाजाचा पिंड असतो. नंतर इक्वलायझरने ते भरून येत नाही.

पायरी तिसरी: माइक निवडा

निवड मुख्यतः दोन प्रकारांत असते: डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचं बारीक वेटोळं जोडलेलं असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकापाशी हलतं आणि त्यातून वीज तयार होते. बाहेरून वीज लागत नाही, बांधणी दणकट असते, हातातून पडला तरी सहसा धकतं. पडद्याबरोबर वेटोळ्याचं वजनही हलवावं लागत असल्याने फार बारीक, चटकन येऊन जाणारे तपशील त्याला तितके टिपता येत नाहीत. कंडेन्सरमध्ये विद्युतभार असलेल्या दोन पातळ तबकड्या समोरासमोर असतात. पुढची आवाजाने हलते, दोघींमधलं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा सिग्नल होतो. हलणारा भाग अतिशय हलका असल्याने श्वासाचा काठ, हरकतीतला शेवटचा स्वर, शब्द सुटतानाची हवा असं सगळं त्यात उतरतं. खिडकीबाहेरचं कबुतरही उतरतं.

आकड्यांत बघायचं तर शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून बनत असलेला डायनॅमिक माइक घ्या. ठरावीक आवाजाला तो सुमारे १.८५ मिलिव्होल्टचा सिग्नल देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा सुरुवातीला बरेच जण घेतात तो कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला १४.१ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे सातपटीहून जास्त. म्हणून डायनॅमिकला गेन बराच चढवावा लागतो आणि कंडेन्सरला थोडक्यात भागतं.

एक समज इथेच दुरुस्त करून टाकू. डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. तो ओठांपासून चार बोटांवर धरून गायचा असतो, त्यामुळे तुमचा आवाज खोलीपेक्षा कितीतरी मोठा पडतो, इतकंच. तोच माइक हातभर लांब ठेवून गेन चढवला तर तोही घुमलेलंच गाणं देईल. जादू अंतराची आहे, आणि ती कंडेन्सरवरही बऱ्याच अंशी चालते.

मग घ्यायचा कोणता? खोली आवरता येत नसेल, रस्त्याचा आवाज सतत येत असेल, किंवा तुमचं गाणं मोकळ्या, चढ्या आवाजाचं असेल, तर डायनॅमिक घ्या आणि जवळून गा. खोली शांत असेल, दुसऱ्या पायरीतलं काम झालं असेल आणि गायकी हळुवार, बारकाव्यांची असेल, तर मोठ्या पडद्याचा कंडेन्सर घ्या. आणि ठरत नसेल तर? मी डायनॅमिककडे झुकेन. तो चुकांना जास्त माफ करतो, आणि पुढे कंडेन्सर घेतला तरी तो पडून राहत नाही.

माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' असा एक आकडा असतो. माइक स्वतः किती खरखर करतो, ते तो सांगतो. एटी२०२० साठी तो २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी१-ए साठी ५. फरक मोठा वाटतो, पण राहत्या घरातली चांगली शांत खोलीही ३० डेसिबलच्या आसपास असते. खोलीच माइकपेक्षा जास्त आवाज करत असेल, तर त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मुलाखतींच्या व्हिडिओंत सतत दिसणारा शुअरचा एसएम७बी बघून तोच हवा असं अनेकांना वाटतं. माइक उत्तमच आहे. पण त्याचा सिग्नल एसएम५८ पेक्षाही बारीक आहे आणि कंपनीच त्याला किमान ६० डेसिबल गेन द्यायला सांगते. माइक संगणकाला जोडणाऱ्या सगळ्या छोट्या डब्यांना, म्हणजे इंटरफेसना, तेवढं झेपत नाही. मग मध्ये बसवायला वेगळं बूस्टर घ्यावं लागतं. सुरुवातीला या फंदात पडू नका. धातूच्या पातळ पट्टीवर चालणाऱ्या रिबन माइकच्याही नादी आत्ता लागू नका, ते नाजूक असतात.

जुना माइक घ्यायचा विचार असेल तर डायनॅमिक बिनधास्त बघा. कंडेन्सर मात्र दमट जागी पडून राहिलेला असू शकतो आणि त्याची कुरकुर पाच मिनिटांच्या चाचणीत नेहमी कळत नाही. एसएम५८ च्या नकला जगभर फिरतात. खरा २९८ ग्रॅम भरतो. साध्या वजनकाट्यावर फारच हलका निघाला तर मागे फिरा.

पायरी चौथी: यूएसबी की एक्सएलआर

यूएसबी माइक थेट संगणकाला लागतो. इंटरफेसचं काम तो पोटातच करतो. एकट्याने गायचं आहे, सामान कमी हवं आहे, तर ही वाट वाईट नाही. अडचण पुढे येते. माइक बदलला की सगळंच बदलावं लागतं आणि दोन यूएसबी माइक एकाच संगणकावर एकत्र चालवणं हे डोकं उठवणारं काम आहे. एक्सएलआर माइकला, म्हणजे तीन पिनांच्या गोल जोडणीच्या माइकला, इंटरफेस लागतो, पण प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. मधला मार्गही आहे: सॅमसन क्यू२यू या डायनॅमिक माइकला आणि रोडच्या एनटी१ च्या पाचव्या पिढीच्या कंडेन्सरला यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या आहेत. आज थेट संगणकाला लावा, पुढे इंटरफेस घ्याल तेव्हा माइक तोच राहील.

यूएसबी माइक घेताना त्यालाच हेडफोन लावायची सोय आहे का, ते बघा. नसेल तर तो गाण्याच्या कामाचा नाही. कारण आठव्या पायरीत कळेल.

पायरी पाचवी: इंटरफेस

माइकचा बारीक सिग्नल मोठा करायचा, त्याचे आकडे करून संगणकाला द्यायचे आणि संगणकातला आवाज हेडफोनला परत द्यायचा, एवढीच या डबीची कामं. फोकसराइट, ऑडिएंट, मोटू, युनिव्हर्सल ऑडिओ यांचे छोटे इंटरफेस आवाजाच्या दर्जात इतके जवळ आले आहेत की त्यावर रात्र जागवण्यात हशील नाही. बघायचं ते असं: तुमच्या माइकला पुरेल एवढा गेन आहे का, ४८ व्होल्टचं बटण आहे का, आणि डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकायची सोय, आहे का. फोकसराइटच्याच चौथ्या पिढीत स्कारलेट सोलोचा गेन ५७ डेसिबल आणि २आय२ चा ६९ डेसिबल आहे. डायनॅमिक माइक घेणाऱ्याला हा फरक जाणवतो, कंडेन्सरवाल्याला फारसा नाही.

ते ४८ व्होल्टचं बटण म्हणजे फँटम पॉवर. कंडेन्सरला लागणारी वीज माइकच्याच केबलमधून पाठवायची ही युक्ती. आकडा ४८ च का, याची गोष्ट मजेशीर आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी अशा विजेवर चालणारा माइक तयार केला. त्या रेडिओच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती, मग तीच वापरली. आज जगभरच्या इंटरफेसवर तोच आकडा छापलेला असतो.

साधारण डायनॅमिक माइकला नीट केबलमधून फँटम लागून राहिली तरी बिघडत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र ती धोक्याची ठरू शकते. माइकची केबल लावताना किंवा काढताना फँटम बंद आणि हेडफोनचा आवाज शून्यावर ठेवायची सवय लावा. नाहीतर 'ठप्प' असा दणका बसतो, कानालाही आणि सामानालाही.

पायरी सहावी: बाकीचं सामान

हेडफोन बंद पाठीचे घ्या. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून साथीचा ट्रॅक बाहेर गळतो आणि तुमच्या गाण्यात शिरतो, मग तो काढता येत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ही स्टुडिओत मुरलेली नावं आहेत. ब्लूटूथ हेडफोन गाताना वापरायचे नाहीत. त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की ताल धरताच येत नाही.

पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून सुटणारा हवेचा झोत अडवणारा माइकपुढचा पडदा, हवाच. कापडाचा असो की धातूच्या जाळीचा, दोन्ही चालतात.

स्टँड जड बुडाचा किंवा तीन पायांचा, उभ्याने गाता येईल इतका उंच. टेबलावरचा छोटा स्टँड बोलण्यासाठी ठीक, गाण्यासाठी नाही: पोक काढून गायलं की श्वास तुटतो, शिवाय टेबलाचा प्रत्येक धक्का माइकमध्ये जातो. स्टँडच्या टोकाचे आटे दोन मापांत येतात, ५/८ इंच आणि ३/८ इंच. ते जुळवणारी पितळेची छोटी अंगठी सोबत आहे का, ते आधीच पाहून घ्या.

केबल तीन-चार मीटरची, साधी, पण जोडणी भक्कम असलेली. एक्सएलआरच्या दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींत सारखीच असते, ती पलीकडे वजा होते. त्यामुळे सोन्याचा मुलामा वगैरेंवर खर्च करण्याचं कारण नाही.

सॉफ्टवेअरवर इथे शब्द खर्च करत नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, अ‍ॅपलच्या संगणकावर गॅरेजबँड असतं, रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. जे उघडून तुम्ही लगेच गायला लागाल ते चांगलं.

पायरी सातवी: उभं कसं राहायचं

आधी माइकचं तोंड कुठे आहे ते ओळखा. एसएम५८ सारख्या माइकमध्ये टोकाकडून गायचं असतं. मोठ्या पडद्याच्या बहुतेक कंडेन्सरमध्ये बाजूने. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं ती सहसा पुढची. रोडच्या एनटी१ वर पुढच्या बाजूला सोनेरी ठिपका असतो. ब्लू यती हा यूएसबी माइक दिसतो टोकाकडून गाण्यासारखा, पण त्याचंही तोंड बाजूलाच आहे. त्याच्या टोकाकडून गाणारे मग "आवाज लांबून येतो" म्हणून गेन वाढवत बसतात. त्याच्यावर दिशा बदलायचंही बटण आहे, ते कार्डिऑइडवर ठेवा.

अंतर कंडेन्सरसाठी वीतभर. अंगठा ओठाला, करंगळी माइकला. वीत मोठी असेल तर बोटं थोडी मिटा, १५ ते २० सेंटीमीटरच्या मधे राहा. डायनॅमिकसाठी चार ते आठ बोटं. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, खोलीचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. फार जवळ गेलात तर दुसरा परिणाम दिसतो: कार्डिऑइड माइकमध्ये खर्ज फुगतो. आवाज पातळ असेल तर हे थोडंसं वरदानच आहे. भरदार आवाजाच्या माणसाचे शब्द मात्र गढूळ होतात. तार सप्तकात जाताना मान वळवू नका, सगळं अंग बोटभर मागे घ्या आणि खाली येताना परत या. कसलेले गायक हे नकळत करतात.

आता प, फ, ब, भ. मराठीत गाणाऱ्यांनी याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण भ आणि फ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो. तळहात तोंडासमोर धरून 'भरभरून' म्हणा. जाणवलं? तोच झोत पडद्यावर आदळला की 'धप्प' असा आवाज उठतो. पॉप फिल्टर माइकच्या पुढे चार बोटांवर ठेवा आणि माइक ओठांच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित वर, नाकाच्या पातळीवर नेऊन खाली तोंडाकडे कलवा. झोत खालून निघून जातो आणि आवाज पोचतो. स, श, छ कानाला टोचत असतील तर माइक थोडा एका बाजूला फिरवा, म्हणजे गाणं त्याच्या कडेवरून जाईल. चाचणीसाठी असली अक्षरं खच्चून भरलेली एखादी ओळ स्वतःच जुळवून ठेवा आणि दर वेळी तीच म्हणा.

मघाशी रस्त्याचं बोललो होतो. खिडकी माइकच्या पाठीमागे येईल असे उभे राहा, म्हणजे तुमचं तोंड खिडकीकडे आणि पाठ रजईकडे. संगणकही माइकच्या पाठीमागेच, जमेल तितका लांब.

पायरी आठवी: गेन आणि हेडफोन

सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ निवडा. याहून मोठे आकडे सुरुवातीला फक्त जागा खातात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. एका माइकचं गाणं मोनोच असतं, स्टीरिओ ट्रॅक उघडू नका.

गेन लावताना गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण जीव ओतून गा. हळू आवाजात 'हॅलो हॅलो' म्हणून लावलेला गेन पहिल्याच अंतऱ्यात दगा देतो. त्या चढ्या ओळीला सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान पोचला की हात काढा. खरं गाताना माणूस चाचणीपेक्षा मोठ्याने गातोच, त्यासाठी एवढी जागा हवी. काटा शून्याला भिडला की लाटेचा माथा छाटला जातो, आणि छाटलेला माथा सहसा मूळ रूपात परत येत नाही. बारीक रेकॉर्ड झालेलं मात्र नंतर बिनदिक्कत वाढवता येतं: २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला असतो, त्यातले १२ सोडून दिले तर काही अडत नाही. काटा लाल दिव्याशेजारी नाचला पाहिजे ही टेपच्या जमान्यातली सवय आहे, ती विसरा.

आता हेडफोनचा प्रश्न. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने घेतो. तुकडा किती मोठा, ते बफरच्या आकड्यावर ठरतं. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. जाताना आणि येताना दोन्हीकडे तो लागतो, वर आणखी थोडा वेळ जातो. स्वतःचा आवाज असा मागून येऊ लागला की गाणारा नकळत लय ओढतो. यावर सरळ उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग: इंटरफेसवरचं बटण दाबलं की माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनला येतो. ते चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा कमी उशिरात करून देणारं सॉफ्टवेअर) बसवा.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये फार मोठा ठेवला तर गाणारा जीव आखडून गातो, फार बारीक ठेवला तर ओरडतो. साथ आणि आवाज असे जुळवा की नेहमीच्या ताकदीने गाताना दोन्ही ऐकू येतील. सूर हलतो आहे असं वाटलं तर एक कान मोकळा ठेवून बघा. मोकळा राहिलेला हेडफोन डोक्याला घट्ट टेकवा, नाहीतर ट्रॅक त्यातून गळेल.

पायरी नववी: रेकॉर्ड करा

फोन विमान मोडवर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, काही वेळा बारीक गुणगुण त्यानेच जाते. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर लगेच गाऊ नका, दहा सेकंद निव्वळ शांतता रेकॉर्ड होऊ द्या. पुढे खरखर कमी करणाऱ्या साधनाला खोलीचा नमुना लागतो, तो हाच.

गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन-तीनदा सलग गा. त्यानंतरच फसलेल्या ओळी वेगळ्या घ्या. ओळ परत घेताना आधीच्या ओळीपासून गायला सुरुवात करा, म्हणजे श्वास आणि जोर जुळतो. मधे माइक, अंतर, गेन यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं घ्यायचं असेल तर स्टँडच्या पायांच्या आणि स्वतःच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि इंटरफेसच्या गेनच्या बटणाचा फोटो काढून ठेवा.

रेकॉर्ड झालेल्या मूळ फाइलवर काहीही करण्याआधी तिची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मग प्रतीवर पहिलं काम एकच: ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर. त्याने जमिनीची धडधड आणि पंख्याचा तळ जातो, गाण्याला बहुधा काहीच होत नाही. कॉम्प्रेसर, रिव्हर्ब वगैरे पुढचा विषय आहे.

काम झालं की हेडफोनचा आवाज शून्यावर, फँटम बंद, थोडा वेळ थांबून केबल काढा. कंडेन्सर पिशवीत घालून, आत सिलिका जेलची पुडी टाकून डबा बंद करा. पॉप फिल्टर आणि डायनॅमिकची जाळी अधूनमधून धुवायची. एसएम५८ ची जाळी फिरवून निघते. ती पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. आणि माइक चालू आहे का हे बघायला कुणी त्यात फुंकर मारू लागलं तर हात धरा.